टबातली उत्क्रांती

सातवीच्या पाठ्यपुस्तकात उत्क्रांती साडेतीन पानांत उरकली आहे. त्यातलं एक पान नुसत्या जिराफाला दिलंय. ज्याला कोट्यवधी वर्षं लागली ते मी दर वर्षी दोन तासिकांत संपवतो आणि तिसऱ्या तासिकेला प्रश्नोत्तरं लिहून देतो. आजवर एकाही जिराफाची तक्रार आलेली नाही. यंदाही मी तेवढंच करून गप्प बसलो असतो, तर आज शाळेच्या फाटकातून आत शिरताना मला स्वतःच्या बुटांकडे बघत चालावं लागलं नसतं.

सगळं सुरू झालं एका मुलीच्या प्रश्नावरून. या मुलीला वर्गात सगळे 'पणसर' म्हणतात, कारण तिचं प्रत्येक वाक्य 'पण सर'ने सुरू होतं. हजेरीलासुद्धा ती 'पण सर, मी काल आले होते' असं म्हणते. त्या दिवशी मी फळ्यावर दोन किडे काढले होते, एक हिरवा आणि एक लाल. हिरव्या पानावरचा लाल किडा पक्ष्याला चटकन दिसतो, म्हणून तो खाल्ला जातो. हिरवा वाचतो, त्याची पोरं हिरवी निपजतात, आणि असं पिढ्यान्‌पिढ्या होत होत शेवटी सगळे किडे हिरवे. वर्ग 'हो सर' म्हणाला. वर्ग नेहमीच 'हो सर' म्हणतो.

"पण सर," पणसर म्हणाली, "हे कोणी बघितलंय का?"

"म्हणजे काय? शास्त्रज्ञांनी बघितलंय."

"पण सर, आपण कधी बघणार?"

इथे एखादा शहाणा मास्तर 'पुढच्या इयत्तेत' म्हणून मोकळा झाला असता. मी खडू खाली ठेवला, हात झटकले आणि निवडणुकीला उभं राहिल्यासारखा म्हणालो, "याच वर्षी. आपल्याच शाळेत. आपल्याच डोळ्यांनी."

टाळ्या पडल्या. विज्ञानाच्या तासाला टाळ्या पडण्याचा माझ्या नोकरीतला तो पहिलाच प्रसंग. टाळ्या ऐकल्यावर माणसाची अक्कल किती वेळ काम करेनाशी होते यावर खरं तर कोणीतरी संशोधन करायला हवं. माझ्या बाबतीत ती जवळजवळ शैक्षणिक वर्षभर बंद होती.

बेत तसा सरळ होता. एका मोठ्या भांड्यात गप्पी मासे सोडायचे, थोडे झगझगीत रंगीत आणि थोडे मळकट. शिकारी म्हणून शाळेच्या कार्यालयातली मांजर होतीच. ती दिवसभर फायलींवर लोळत असे. रंगीत मासे तिला पटकन दिसणार, ती ते खाणार, मळकट मासे टिकणार आणि त्यांचीच पिल्लं वाढणार. गप्पींना पिल्लं भराभर होतात, त्यामुळे वर्ष संपायच्या आत उत्क्रांती मुलांच्या डोळ्यांदेखत घडून जाईल आणि जिराफाचं पान शिकवायची गरजच उरणार नाही.

हे सगळं मी घरी हातवारे करून सांगितलं. बायको कपड्यांच्या घड्या घालत ऐकत होती.

"अहो, मागे कुंडीत वाटाणे उगवून दाखवणार होतात, त्याचं काय झालं?"

"वाटाणे जुने होते."

"मग मासे तरी नवे घ्या," ती म्हणाली आणि माझ्या शर्टाची घडी घालायला लागली.

मोठ्या भांड्याचा प्रश्न शेजारच्या काकांनी सोडवला. काका पाणीपुरवठा खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झालेत. त्यांच्या सुनेने न्हाणीघर नवं करायला काढलं होतं आणि तिथला जुना टब जिन्यात उभा करून ठेवला होता. त्यामुळे सगळी इमारत पोट आत घेऊन जिना चढत होती. त्या टबात काका आयुष्यात एकदाच बसले होते आणि त्यांना बाहेर काढायला जावयाला फोन करावा लागला होता. तरी तो फुकट देणं त्यांच्या जिवावर आलं, आणि त्याची भरपाई म्हणून त्यांनी मला सल्ले द्यायला सुरुवात केली.

काका सल्ला देताना डोळे मिटतात. मी टब कुठे ठेवावा, त्याखाली विटा कशा रचाव्यात, भरल्यावर त्याचं वजन किती होईल आणि ते वजन जमिनीने का सोसावं, हे सगळं त्यांनी डोळे मिटून सांगितलं. बूच कुठल्या दुकानात मिळेल, तिथला दुकानदार कसा चोर आहे आणि त्याचा बाप कसा देवमाणूस होता, हेही सांगितलं. एका पाण्याबद्दल तेवढं ते चकार शब्द बोलले नाहीत. पाण्याच्या खात्यात हयात घालवलेला माणूस पाण्याबद्दल गप्प आहे, हे तेव्हा माझ्या लक्षातच आलं नाही.

टब शाळेत न्यायला टेम्पो केला. वळणावर टब कलंडतो म्हणून टेम्पोवाला मला म्हणाला, "साहेब, तुम्ही आत बसा." मला वाटलं तो पुढे त्याच्या शेजारी बसायला सांगतोय. तसं नव्हतं. अशा रीतीने भर बाजारातून, सकाळच्या गर्दीत, मी बाथटबमध्ये बसून कामावर गेलो. वाटेत निदान चार पालकांनी नमस्कार केला. मीही दोन्ही हातांनी टबाचे काठ धरून, मान लववून त्यांना उत्तर दिलं. एका आईने आपल्या मुलाला "बघ, तुझे सर" असं सांगितलं आणि मुलाने "ते आमचे सर नाहीत" म्हणून तोंड फिरवलं. तो माझ्याच वर्गातला होता.

शाळेत घोडं परवानगीवर अडलं. आमच्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, नियमाला धरून चालणाऱ्या आहेत. त्यांनी कपाटातली परिपत्रकं काढून टेबलावर पसरली.

"भटक्या कुत्र्यांबद्दल आहे, मधमाश्यांच्या पोळ्याबद्दल आहे, सापाबद्दल तर दोन आहेत. माशांबद्दल काहीच नाही."

"म्हणजे बंदी नाही, बाई."

"म्हणजे परवानगीही नाही, सर. जे परिपत्रकातच नाही त्याला मी परवानगी कशी देऊ? वर विचारते."

वरून उत्तर यायला वेळ लागला. तोवर आम्ही शिक्षकखोलीच्या खिडकीखाली विटा रचून, टब नळाच्या पाण्याने काठोकाठ भरून ठेवला होता. ते पाणी उन्हात तसंच उभं राहिलं. त्याच्यावर हिरवट झाक आली, तळाशी बुळबुळीत शेवाळ धरलं आणि एके दिवशी त्यात डासांच्या अळ्या वळवळायला लागल्या. मुलं हरखून गेली. वर्गात एक मोठा तक्ता तयार झाला: खाली शेवाळ, त्यावर अळी, त्यावर मासा आणि सगळ्यात वर मिशा फेंदारलेली मांजर. प्रत्येकापासून वरच्याकडे बाण. मासे अजून दुकानात होते, पण अन्नसाखळी भिंतीवर लागली होती.

अळ्यांचे डास झाले, डास शेजारच्या घरांत गेले, आणि त्या घरांतली माणसं डास-प्रतिबंधक कार्यालयात गेली. तिथून एक निरीक्षक आला. त्याने टबात वाकून बघितलं आणि मागे मदतनिसाला ओरडून सांगितलं, "डबकं. एक."

"डबकं नाही हो," मी म्हणालो, "परिसंस्था आहे ती."

"आमच्याकडे टाकी आहे, हौद आहे, टायर आहे आणि डबकं आहे. परिसंस्था नाही."

"मग निदान हौद तरी म्हणा."

"हौदाला झाकण लागतं." तो जरा विरघळला. "मास्तर, तुमच्या शब्दाला मान देऊन सांगतो. आज संध्याकाळच्या आत त्यात गप्पी सोडा, म्हणजे मी काही बघितलं नाही. नाहीतर तेल ओतीन."

वीस वर्षं विज्ञान शिकवणाऱ्या माणसाची परिसंस्था डबक्यात मोडली गेली, हा अपमान गिळून मी त्याच दुपारी मासे आणले. वरून उत्तर आल्याशिवाय काही करू नका असं मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, म्हणून त्यांना मी ते 'डास-प्रतिबंधक साहित्य' असल्याचं सांगितलं. त्याबद्दल मात्र कपाटात परिपत्रक निघालं.

पुढचे महिने माझ्या आयुष्यातले फार सुखाचे गेले, हे सांगताना आता लाज वाटते. मधल्या सुट्टीत सगळा वर्ग टबाभोवती ओणवा उभा असे. मुलांनी माशांना नावं दिली होती. एक होता लालशेपट्या, एक खडूस, एक काका. काकाचे डोळे अर्धे मिटलेले दिसत. पणसर सगळ्यात आधी यायची आणि सगळ्यात शेवटी जायची. कुठला मासा कुठल्या कोपऱ्यात झोपतो, कुठल्या मादीमागे कोण फिरतो, कुठलं पिल्लू कोणावर गेलंय, हे तिला तोंडपाठ होतं. तिला भूगोलात राजधान्या आठवत नाहीत, म्हणून तिच्या आईला शाळेत बोलावलं होतं. मी त्या माउलीला म्हणालो, "काळजी करू नका, हिची नजर शास्त्रज्ञाची आहे." तिच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. हे माझं स्वतःचं वाक्य मला पुढे फार जड गेलं.

मांजरीने मात्र मला तोंडघशी पाडलं. पहिल्याच दिवशी तिला उचलून टबाच्या काठावर बसवली, ती घसरून आत पडली, आणि बाहेर येताना माझ्या हातावर तिने जो अभिप्राय नोंदवला तो अजून दिसतो. त्यानंतर तिने टबाचं नावच टाकलं. शिक्षकखोलीत तिला डब्यातलं आयतं मिळत होतं, ती कशाला पंजा भिजवेल? मी तिकडे काणाडोळा केला. मांजर नाही तर कावळे असतील, कावळे नाही तर बेडूक असतील; निसर्ग आपलं बघून घेईल, असं मी ठरवून टाकलं. मग प्रदर्शनाच्या आधीच्या आठवड्यात पणसर शिक्षकखोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"सर, टबात रंगीत वाढतायत."

"मळकट म्हणायचंय तुला."

"नाही सर. आधी मळकट जास्त होते. आता सगळी नवी पिल्लं लालशेपट्यावर चाललीत."

"नीट बघ."

"रोज बघते, सर."

"पुस्तकात काय दिलंय? कोण टिकतं?"

"ज्याचा रंग लपतो तो."

"मग?"

"पण सर, टबात तसं नाहीये."

शिक्षकखोलीत इतर शिक्षक बसले होते. इतिहासाच्या बाईंनी वर्तमानपत्र खाली घेतलं. मोठ्या बाईंनी प्रदर्शनाला शिक्षणाधिकारी साहेबांना बोलावलं होतं, 'डोळ्यांदेखत उत्क्रांती' असा फलकही रंगवून झाला होता, आणि त्यावर कोण टिकणार ते माझ्या सांगण्यावरून आधीच लिहिलेलं होतं. मी चष्मा काढून पुसला.

"मग तुझ्या बघण्यात चूक होतेय," मी म्हणालो. "जा, पाठ पुन्हा वाच."

ती गेली. जाताना 'पण सर' म्हणाली नाही, हे मला तेव्हा बरंच वाटलं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी शाळा स्वच्छ करायची आमच्याकडे पद्धत आहे. साहेब यायचे म्हटलं की भिंतींना रंग, झाडांच्या बुंध्यांना चुना, आणि ज्या मुलांची नखं वाढली असतील त्यांना रजा. मोठ्या बाई पाहणी करत टबापाशी आल्या आणि त्यांनी नाकाला रुमाल लावला.

"हे हिरवं पाणी काय आहे?"

"शेवाळ आहे, बाई. त्याच्यावरच सगळं जगतंय."

"ते तुम्ही साहेबांना सांगेपर्यंत साहेब पुढे गेलेले असतील. ते आधी वास घेतात, मग ऐकतात. स्वच्छ करा."

आणि मी केलं. कोणावर ढकलायलाही जागा नाही. शिपाई बुंधे रंगवत होता. मी स्वतःच्या हातांनी मासे बादलीत काढले, टब घासणीने घासला, इतका की काकांच्या सुनेने पुन्हा न्हाणीघरात बसवला असता. नळ सोडून तो भरला आणि मासे त्यात ओतले. काचेसारख्या पाण्यात लालशेपट्या असा काही झळकला की मी कमरेवर हात ठेवून बघत राहिलो. मग मी फलक लावायला आत गेलो.

संध्याकाळी छत्री घ्यायला खिडकीपाशी आलो तेव्हा सगळे मासे पाण्यावर आडवे तरंगत होते. सगळे. पिल्लंसुद्धा.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते जंतू मारतं. ते मी दर वर्षी शिकवतो, 'पाण्याचे शुद्धीकरण' या पाठात, आकृतीसकट. सुरुवातीला टब भरला तेव्हा परवानगीच्या नादात पाणी उन्हात पडून राहिलं, त्यातलं क्लोरीन उडून गेलं, म्हणून मासे जगले. म्हणजे मोठ्या बाईंच्या परिपत्रकांनी मासे जगवले होते आणि मी विज्ञानाने मारले. पुढे हे काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले. "अहो, पाणी आठवडाभर मुरू द्यायचं असतं. मी सांगणार होतो, पण म्हटलं, तुम्ही विज्ञान शिकवता." 

मी बाहेर फुलझाडांच्या वाफ्यात हाताने माती उकरली आणि लालशेपट्याला, खडूसला, काकाला, सगळ्यांना पुरलं. कोणी बघत नाही ना, हे चोरासारखं बघत होतो. त्या वेळी नुसतं वाईट वाटत होतं. खरी लाजिरवाणी गोष्ट पुढे दुकानात केली.

माशांच्या दुकानदाराने मला ओळखलं. "या मास्तर! नवीन रंगीत माल आलाय, बघा तरी." आणि खरंच, लालशेपट्याचे सख्खे भाऊ शोभतील असे मासे काचेमागे फिरत होते. जे मेले तसलेच रंगीत घेतले असते, तर ती एका घाबरलेल्या माणसाची लपवाछपवी झाली असती. पण फलकावर काय लिहिलंय ते माझ्या डोळ्यांपुढे आलं.

"रंगीत नकोत," मी म्हणालो. "मळकट द्या. सगळे मळकटच."

दुकानदार माझ्याकडे बघत राहिला. "मळकट विकायला नसतात हो. मोठ्या माशांना खाऊ म्हणून टाकतो ते."

"तेच द्या. आणि पाणी तुमच्याच टाकीतलं द्या, भरपूर."

म्हणजे मी शुद्धीवर होतो. पाण्याचं लक्षात राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले, त्यांनी वास घेतला आणि ते खूश झाले. टबाशेजारी पणसर उभी होती. माहिती सांगायला तिला मीच नेमलं होतं, तेव्हा अजून सगळं ठीक होतं. तिने सांगायला सुरुवात केली, शेवाळ झालं, अळ्या झाल्या, आणि मासे दाखवायला ती टबाकडे वळली.

ती बोलायची थांबली. ती वाकली. एका कोपऱ्यात बघितलं, मग दुसऱ्या. मग तिने टबाच्या पलीकडे जाऊन बघितलं. कोणाला शोधतेय ते मला माहीत होतं. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि मी आकाशाकडे बघितलं. आकाशात काहीही नव्हतं.

"बोल बाळ," साहेब म्हणाले. "कोणते मासे टिकले?"

"मळकट," ती हळूच म्हणाली. "सर म्हणाले होते तसंच झालं. मला आधी रंगीत वाढलेले दिसत होते. पण ते माझ्या बघण्यात चुकलं असेल."

"शाब्बास!" साहेबांनी तिच्या पाठीवर थाप मारली. "शास्त्रात आपली चूक अशी मोकळेपणी कबूल करता आली पाहिजे. सर, हे तुमचे संस्कार."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझे कान इतके तापले होते की त्यावर इस्त्री झाली असती. तोंड उघडलं, आणि त्यातून निघालं, "आभारी आहे."

त्यानंतर पणसर बोलेनाशी झाली. म्हणजे ती रुसली वगैरे नाही. विचारलं की उत्तर द्यायची, पुस्तकातलं, शब्द न्‌ शब्द बरोबर. मी फळ्यावर मुद्दाम चूक केली, वटवाघळाला पक्ष्यांत घातलं, आणि तिच्याकडे बघत थांबलो. तिने ते वहीत उतरवून घेतलं. सबंध वर्ग 'हो सर' म्हणत होता आणि आता तीही म्हणायला लागली होती. एक चांगलं, चालू, नेमकं बघणारं डोकं मी बंद पाडलं होतं, आणि ते माझ्या समोरच्याच बाकावर बसत होतं.

तिकडे माझी कीर्ती मात्र थांबायला तयार नव्हती. साहेबांनी प्रशस्तिपत्र पाठवलं, ते मोठ्या बाईंनी चौकटीत घालून कार्यालयात टांगलं. मागोमाग परिपत्रक आलं, की सर्व शाळांनी असाच टब बसवावा, मळकट मासे टिकल्याचं निरीक्षण नोंदवावं, आणि शिक्षकांना प्रशिक्षण मी द्यावं. काकांनी जुन्या टबांचा शोध सुरू केला. दुकानदाराने मला रस्त्यात गाठून सांगितलं, की मळकट मासे संपलेत, आता आगाऊ सांगावं लागेल. बायकोने फक्त एकदा विचारलं, "मासे नवे घेतलेत ना?" मी हो म्हणालो, आणि माझ्याकडे बघून तिने पुढे काही विचारलं नाही.

प्रशिक्षणाची तयारी म्हणून मी शेवटी वाचनालयातून जाडजूड पुस्तक आणलं आणि जिथे दर वेळी थांबतो त्याच्या पुढचं पान उलटलं. तिथे साधं लिहिलं होतं, की शिकारी नसेल तर रंगीत नर वाढतात, कारण माद्यांना ते आवडतात. आमची मांजर डब्यावर जगत होती. टबात शिकारी नव्हता. पणसरने जे बघितलं ते बरोबर होतं, आणि मी सांगितलं होतं त्याहून जास्त बरोबर होतं. सातवीतल्या मुलीने स्वतःच्या डोळ्यांनी एक खरी गोष्ट शोधून काढून माझ्या दारात आणली होती, आणि मी तिला पाठ पुन्हा वाचायला पाठवलं होतं. मी पुस्तक मिटलं. इतकी शरम मला टेम्पोतल्या टबातसुद्धा वाटली नव्हती.

मी आधी मोठ्या बाईंकडे गेलो. उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि भिंतीकडे बोट दाखवलं.

"सर, चौकट बसवून झाली."

"काढून टाकू या ना, बाई."

"खिळ्याला प्लास्टर लावलंय. आणि परिपत्रक निघालंय. निघालेलं परिपत्रक मासे मेले म्हणून मागे येत नाही. तुम्ही दमलाय, दोन दिवस रजा टाका."

"वर मी स्वतः कळवतो."

"कळवा. उत्तर यायला वेळ लागतो, तुम्हाला माहीतच आहे," त्या म्हणाल्या, आणि नाकाला लावायचा तो रुमाल त्यांनी उगाचच टेबलावर पसरून त्याची घडी घातली.

मी वर कळवलं, आणि मग वर्गात गेलो. वर्गात जाणं जास्त अवघड होतं. मुलांना टबाभोवती उभं केलं आणि सांगितलं. क्लोरीन सांगितलं, वाफा सांगितला, दुकान सांगितलं, आणि मळकट मासे का घेतले तेही सांगितलं. मधे खोकला आला, पाणी प्यालो, पुन्हा सांगितलं.

"म्हणजे लालशेपट्या मेला?" मागून एकाने विचारलं.

"हो."

"काका पण?"

"तोही."

दोघीतिघी वाफ्याकडे बघत होत्या. मुलं चिडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती माझ्याकडे बघत होती, आणि वीस वर्षांत इतकं लक्ष देऊन माझ्याकडे कोणी बघितलेलं नव्हतं.

"मग मला बरोबर दिसत होतं?" पणसरने विचारलं.

"तुला बरोबर दिसत होतं. पहिल्यापासून. मी खोटं बोललो. तुझ्या बघण्यात काही चूक नव्हती."

तिने खाली बघितलं, मग टबात बघितलं. आम्ही वर्गात परत आलो, मी फळा पुसला, तारीख लिहिली, आणि पाठीमागून आवाज आला.

"पण सर."

मी वळलो. हातातला खडू पडला असावा, कारण नंतर तो बाकाखाली सापडला.

"बोल."

"पण सर, आपला तक्ता चुकलाय." ती भिंतीपाशी गेली होती. शेवाळ, अळी, मासा, मांजर. "मांजरीने तर एकही मासा खाल्ला नाही."

"नाही खाल्ला."

"मग ती सगळ्यात वर कशी?"

वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मी म्हणालो, "मग दुरुस्त कर."

तिने स्केचपेन घेतला. मांजरीवर नीट, पट्टी धरून फुली मारली. माशापासून नवा बाण काढला, तो पार तक्त्याच्या वरच्या कडेपर्यंत नेला, आणि तिथे ठळक अक्षरांत 'सर' असं लिहिलं. मग ती बाजूला होऊन माझ्याकडे बघत उभी राहिली, वही तपासायला दिल्यासारखी.

मी खिशातला लाल पेन काढला, तक्त्याजवळ गेलो, आणि बरोबरची खूण केली.